टाचेतलं रक्त आणि 17-ओएचपीचा आकडा

‘बाळ ठणठणीत आहे, मग त्याला टोचायचं कशाला?’ घरातली मोठी माणसं मायेपोटीच विचारतात. पण सीएएच या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या जन्मजात आजारात हा समज जिवावर बेततो, विशेषतः मुलग्यांच्या. मुलींमध्ये जननेंद्रियांची ठेवण वेगळी दिसल्याने शंका तरी येते. मुलगा बहुधा इतर बाळांसारखाच दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या लागतात, वजन घटतं, रक्तातलं सोडियम उतरतं, पोटॅशियम चढतं. ‘दूध पचत नसेल’ म्हणेपर्यंत बाळ शॉकमध्ये गेलेलं असू शकतं.

आजार घराण्यात कुणाला नसला, तरी तो होऊ शकतो. आईवडील दोघंही निरोगी वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. आणि आपल्याकडे तो दुर्मीळ म्हणून सोडून देण्याइतका नाही: आयसीएमआरने मुंबईसह पाच शहरांत सुमारे लाखभर नवजात बाळं तपासली, तेव्हा 5,762 बाळांमागे एक असं प्रमाण आढळलं.

बहुतेक रुग्णांत 21-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम अपुरं असतं. त्यामुळे कॉर्टिसॉल पुरेसं बनत नाही आणि त्याआधीच्या पायरीवरचं 17-ओएचपी साचतं. टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्तात तेच मोजतात.

आता दुसरं टोक. आकडा वाढलेला दिसला की आईवडील हादरतात. पण पहिल्या 24 तासांत हा आकडा सगळ्याच बाळांत चढा असतो. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळांत नंतरही. शिवाय नेहमीची इम्युनोअसे पद्धत सारख्या रचनेच्या इतर स्टेरॉइडांनाही 17-ओएचपी समजून मोजते. मास स्पेक्ट्रोमेट्रीने ती वेगळी ओळखता येतात. म्हणून रिपोर्टवर बाळाचं वय, गर्भाचे आठवडे आणि पद्धत लिहिलेली हवीच, असं माझं ठाम मत आहे. फेरतपासणी मात्र लगेच करावी, सोबत सोडियम-पोटॅशियमही. बाळ मलूल असेल, तर रिपोर्टसाठी उपचार थांबवू नयेत.

सौम्य प्रकार तरुण मुलींत अनियमित पाळी आणि चेहऱ्यावरचे केस यांतून दिसतो आणि अनेकदा ‘पीसीओडी’ म्हणून सोडून दिला जातो. त्यासाठी रक्त सकाळी लवकर, पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत द्यावं. शंका उरली, तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन तासाभराने पुन्हा मोजतात.

उपचार सुरू झाल्यावर 17-ओएचपी पूर्ण नॉर्मल आलंच पाहिजे, हा समजही घातक आहे. त्या हट्टापायी हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढत जातो आणि मुलाची उंची खुंटते. तापात मात्र डॉक्टरांनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे डोस दुप्पट-तिप्पट करावाच लागतो, आणि उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर इंजेक्शन द्यावं लागतं.