दोन वायरी? बस!

माहीत आहे का, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचं मूळ थेट इंदापूर तालुक्याशी जुळतं? तिथलं वालचंदनगर ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पद्मिनीचा कारभार सरळ होता. दिव्याला दिव्याची वायर, हॉर्नला हॉर्नची. वायरमननं टेस्ट लॅम्प लावला की चोर सापडलाच!

मग आले एबीएस, एअरबॅग, पॉवर विंडो. प्रत्येकाला वेगळ्या वायरी ओढायच्या म्हटल्यावर जुडगा मनगटाएवढा! बॉशनं १९८६ मध्ये डेट्रॉइटला तोडगा मांडला: कॅन बस. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी आणि त्यांवर सगळ्या कंट्रोलरच्या गप्पा. तांबं वाचलं, वजन घटलं.

दोघं एकदम बोलले तर? ज्याच्या मेसेजचा नंबर लहान, तो पुढं. दुसरा मुकाट थांबतो आणि मग पुन्हा प्रयत्न करतो. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाचे ट्रॅक्टर असे वागले असते तर!

आणि कॅन फक्त मोटारींपुरती नाही. वेस्पा इटलीची? २०१२ पासून ती बारामतीचीही आहे बरं का! वेस्पा बनवणाऱ्या पियाजिओच्या तिथल्या कारखान्यात रिक्षाही बनतात, आता बॅटरीवरच्यासुद्धा. ई-वाहनांत बॅटरी, मोटर आणि चार्जर यांचा संवाद बहुधा कॅनवरच चालतो.

आता गंमत संपली, खर्च सुरू! उंदरानं कॅनच्या दोन वायरी कुरतडून एकमेकींना चिकटवल्या, की त्या बसवरचे सगळेच मुके. डॅशबोर्डवर इशाऱ्यांची रांग, दोष मात्र बोटभर वायरीचा. टेस्ट लॅम्प इथं बाद, स्कॅनर हवा. हौसेनं एलईडी बल्ब लावलात? काही गाड्या म्हणतात, 'बल्ब उडाला'. करंट कमी लागतो ना!

आणि बस भोळी आहे. मेसेज कुणी पाठवला, हे ती विचारतच नाही. परदेशात चोरांनी हेडलाइटमागच्या वायरींतून 'चावी जवळच आहे' अशी थाप मारून गाड्या पळवल्यात. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी धावती जीप इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली आणि फियाट क्रायस्लरला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पद्मिनी हॅक करायला निदान दार तरी उघडावं लागायचं!

गॅरेजमध्ये भाव खायचाय? बॅटरी काढा आणि मल्टिमीटर कॅनच्या दोन्ही वायरींना लावा. ६० ओहम आले तर झकास. १२० आले तर कुठंतरी वायर तुटलीय किंवा दोन टोकांच्या रेझिस्टरांपैकी एक गेलाय. शून्याच्या आसपास? उंदराच्या लेंड्या शोधा!