निवड करणाऱ्यांची निवड

माणसे कशी निवडावीत, त्यांना कसे घडवावे आणि वरच्या पदांसाठी कोणाला तयार ठेवावे, हे इतर कंपन्यांना शुल्क घेऊन सांगणाऱ्या मनुष्यबळ व प्रशिक्षण सल्लागार संस्था स्वतःचा प्रमुख बदलताना मात्र चांगल्याच पेचात सापडतात. कारखान्याचा प्रमुख गेला तरी यंत्रे, गोदामे आणि वितरकांचे जाळे जागेवर राहते. सल्लागार संस्थेचे भांडवल मात्र अनुभवी सल्लागारांच्या डोक्यात आणि ग्राहकांशी जुळलेल्या त्यांच्या संबंधांत असल्यामुळे, नव्या प्रमुखावर नाराज होऊन चार ज्येष्ठ मंडळी बाहेर पडली, तर त्यांच्यामागून ग्राहकही जाण्याचा संभव असतो. शिवाय निवड चुकलीच, तर जी विद्या ही संस्था विकते तिच्यावरच बोट ठेवले जाते.

या पेचाचे अभ्यासण्याजोगे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरातील डेव्हलपमेंट डायमेन्शन्स इंटरनॅशनल, अर्थात डीडीआय, ही कंपनी. विल्यम बायहॅम आणि डग्लस ब्रे या मानसशास्त्रज्ञांनी ती १९७० मध्ये स्थापन केली. त्यांपैकी ब्रे यांनी एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीत १९५६ पासून एक दीर्घ अभ्यास चालवला होता, ज्यात ४२२ तरुण कर्मचाऱ्यांना लुटुपुटीच्या पण खऱ्यासारख्या कामांना सामोरे जायला लावून, त्यांच्यापैकी कोण किती वर चढेल याचे अंदाज नोंदवण्यात आले. हे अंदाज कंपनीला कळले असते तर बढत्याही त्यांनुसारच झाल्या असत्या, म्हणून ते वरिष्ठांपासून गुप्त ठेवले गेले. काही वर्षांनी प्रत्यक्ष बढत्यांशी ताडून पाहिले तेव्हा ते लक्षणीय प्रमाणात खरे ठरले. या पद्धतीला असेसमेंट सेंटर म्हणतात, आणि अनेक परीक्षकांनी एकाच उमेदवाराला अनेक प्रसंगांत वागताना पाहून मग एकत्र बसून मत बनवणे, हा तिचा गाभा आहे.

तिच्यातील एक कसोटी जवळून पाहण्यासारखी आहे. उमेदवाराला एका अनोळखी पदावर अचानक बसवले आहे असे गृहीत धरले जाते. आधीचा अधिकारी निघून गेलेला असतो, विचारायला कोणी नसते आणि समोर पत्रे, तक्रारी, रजेचे अर्ज व हिशेबाचे तक्ते यांचा ढीग असतो. ठरावीक वेळात त्याने प्रत्येक कागदावर लेखी निर्णय द्यायचा, म्हणजे कोणते काम स्वतः करायचे, कोणते हाताखालच्यांवर सोपवायचे आणि कोणते थांबवायचे हे ठरवायचे. वरच्या कागदावरील ग्राहकाची तक्रार आणि अगदी तळाशी असलेला एखाद्या कारकुनाचा अर्ज यांचा परस्परसंबंध त्याच्या ध्यानात येतो की नाही, यावर परीक्षकाचा डोळा असतो. नंतरच्या मुलाखतीत प्रत्येक निर्णयामागचे कारण विचारले जाते, त्यामुळे केवळ अक्षर सुबक असून भागत नाही.

या पद्धतीचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील सैनिकी अधिकाऱ्यांच्या निवडीत आहे, आणि ब्रिटिश लष्कराच्या त्याच परंपरेतून भारताची सेवा निवड मंडळे, म्हणजे तरुणांच्या बोलण्यातील ‘एसएसबी’, उभी राहिली. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९७७ मध्ये सुरू झालेल्या सेवापूर्व प्रशिक्षण संस्थेतील मुलांना नेता न नेमता सोपवलेली गटकार्ये परिचित असतात; कंपन्यांच्या असेसमेंट सेंटरमधील नेताविरहित गटचर्चा ही त्यांचीच बहीण होय.

या विद्येवर वाढलेल्या डीडीआयची सूत्रे २०१५ मध्ये टेसी बायहॅम यांच्याकडे, म्हणजे संस्थापकाच्या कन्येकडे आली. ‘घरचीच नेमणूक’ अशी प्रतिक्रिया यावर सहज उमटेल, परंतु ती अर्धीच खरी आहे. औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या आणि त्याच कंपनीत वरिष्ठ पदांवर काम केलेल्या या बाईंची पात्रता संशयास्पद नव्हती. खरा मुद्दा निराळा आहे. योग्यता कशी मोजावी हे शास्त्र सांगू शकते, पण निवडण्याचा अधिकार कोणाचा हे ते सांगत नाही. तो अधिकार मालकीच्या रचनेतून येतो, आणि संस्थापकाच्या कुटुंबाशी जोडलेल्या खासगी कंपनीत तो कोठे असणार हे उघड आहे.

मालकी निराळी असली की वाटही बदलते. स्टीफन कोवी यांच्या नावामुळे मराठी वाचकांनाही ठाऊक असलेली फ्रँकलिन कोवी ही प्रशिक्षण कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्याने तेथे निर्णय संचालक मंडळाचा असतो. गुंतवणूक क्षेत्रातून आलेल्या बॉब व्हिटमन यांनी दोन दशके तिचे नेतृत्व केल्यानंतर २०२१ मध्ये मंडळाने पॉल वॉकर यांना मुख्य कार्यकारी अधिकारी केले. ते २००० पासून कंपनीतच पायरीपायरीने वर आलेले होते. मॅकिन्झी ही व्यवस्थापन सल्लागार संस्था भागीदारांच्या मालकीची असून तेथे ज्येष्ठ भागीदार दर तीन वर्षांनी मतदानाने प्रमुख ठरवतात, आणि ही केवळ औपचारिकता नाही, हे २०२१ मध्ये केविन स्नीडर यांना दुसरी मुदत नाकारली गेली तेव्हा दिसून आले.

या तिन्ही वाटांपेक्षाही बोलका निर्णय मॅकिन्झीला आकार देणाऱ्या मार्व्हिन बॉवर यांचा आहे. साठीच्या उंबरठ्यावर, १९६३ मध्ये, त्यांनी आपले समभाग बाजारमूल्याने न विकता हिशेबवहीतील किमतीला संस्थेलाच परत दिले. त्यांनी चढा भाव मागितला असता, तर पुढच्या पिढीला त्या कर्जाखाली दबून काम करावे लागले असते. नवा प्रमुख नेमल्याची घोषणा सल्लागार संस्था करतात तेव्हा ग्राहकांनी त्याच्या पदव्यांची यादी जरूर वाचावी, पण जुन्या प्रमुखाकडे किती समभाग उरले आहेत आणि तो संचालक मंडळात आणखी किती काळ बसणार आहे, याची चौकशी आधी करावी.