शुक्रवारची दुपार खासदारांची! 🇮🇳

कायदा फक्त सरकारच आणतं असं वाटतं ना? तसं नाही. मंत्री नसलेला कोणताही खासदार, अगदी सत्ताधारी पक्षाचासुद्धा, स्वतःचं विधेयक मांडू शकतो. यालाच 'खासगी सदस्य विधेयक' म्हणतात. अधिवेशन सुरू असताना साधारणपणे शुक्रवारचे शेवटचे अडीच तास या कामासाठी राखलेले असतात.

👉 वाट सरकारी विधेयकासारखीच: विधेयक मांडणं, चर्चा, कलमवार मतदान, मग दुसरं सभागृह आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती.

👉 आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली. शेवटचं १९७० मध्ये!

👉 त्यातलं माझं सर्वांत आवडतं फिरोज गांधींचं. संसदेत काय बोललं गेलं हे वर्तमानपत्रांना निर्धास्त छापता यावं, यासाठीचा १९५६ चा कायदा त्यांच्याच विधेयकातून आला. आणीबाणीत तो रद्द झाला आणि १९७७ मध्ये पुन्हा आला.

👉 २०१५ मध्ये तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने मंजूर केलं. लोकसभेत ते अडलं, पण विषय ऐरणीवर आला. २०१९ मध्ये सरकारने स्वतःचा कायदा केला.

म्हणून ही विधेयकं वाया जात नाहीत. तुमच्या खासदारांनी कोणती मांडली आहेत? संसदेच्या संकेतस्थळावर नक्की शोधा, आणि एकही नसेल तर त्यांना जरूर विचारा!