रविवारचे बाहेरचे खाणे आणि नंतरचे जुलाब

दुपारी तुळशीबागेत खरेदी आणि पाणीपुरी, रात्री घरी वाढदिवसाचे जेवण. मध्यरात्री उलट्या सुरू झाल्या की दोष बहुतेक वेळा पाणीपुरीला दिला जातो. तो नेहमीच बरोबर नसतो. त्रास किती वेळाने सुरू झाला, यावरून कारणाचा अंदाज येतो.

१ ते ६ तासांत: जोरदार उलट्या. अन्नात आधीच तयार झालेले विष हे यामागचे कारण असू शकते. तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात किंवा क्रीमच्या केकमध्ये ते तयार होते. भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही.

६ तास ते ३ दिवसांत: जुलाब, पोटदुखी, ताप. साल्मोनेलासारखे जंतू आतड्यात वाढल्याने.

काही आठवड्यांनी: टायफॉइडचा ताप किंवा हिपॅटायटिस ए ची कावीळ. तोवर पाणीपुरी विस्मरणात गेलेली असते. तरी डॉक्टरांना जरूर सांगा.

घरी काय कराल?

ओआरएसचे मोठे पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि थोडे थोडे प्या. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून चमच्याने पुन्हा सुरू करा. पेज, मऊ भात चालू ठेवा. मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. लहान मुलांना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या देऊ नका.

शौचातून रक्त, ६ ते ८ तास लघवी नाही, सुस्ती, किंवा पाणीही पोटात टिकत नाही, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा. तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि ज्येष्ठांच्या बाबतीत डॉक्टरांना लवकरच दाखवा.