खानदेशातील हिवाळी जलाशय-अभ्यास आणि हातमोज्यांची निवड

प्रस्तावना

उत्तरेकडून येणारे जलपक्षी आणि पहाटेची बोचरी थंडी यांचे आगमन खानदेशात साधारणपणे एकाच काळात होते. तापी-पूर्णेच्या संगमाजवळील हतनूर जलाशय, जळगावचा मेहरूण तलाव, धुळ्याजवळील नकाणे व डेडरगाव तलाव आणि शिरपूर तालुक्यातील अनेर धरण ही महाविद्यालयीन क्षेत्रीय अभ्यासाला सोयीची ठिकाणे आहेत. भारतीय उपखंडात १९८७ पासून दरवर्षी जानेवारी महिन्यात आशियाई जलपक्षी गणना होते. पक्ष्यांच्या हालचाली सूर्योदयाच्या सुमारास चांगल्या टिपता येत असल्यामुळे अभ्यासगटाला दिवसातील सर्वांत थंड वेळी काठावर उपस्थित राहावे लागते.

अशा अभ्यासाच्या तयारीत दुर्बीण, नोंदवही, नमुना-बाटल्या यांचा विचार होतो. हातमोज्यांचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक क्षेत्रीय नोंदींची अचूकता अखेरीस बोटांवर अवलंबून असते. दुर्बिणीचे चक्र फिरविणारी, आकडे लिहिणारी आणि पाण्याखाली बाटलीचे झाकण बसविणारी बोटे बधिर झाली की निरीक्षण घाईने उरकले जाते आणि पाण्याचा नमुना सदोष होतो. हातमोजे त्यांची जाडी किंवा किंमत पाहून नव्हे, तर कामाचे आणि स्थानिक थंडीचे स्वरूप पाहून निवडावेत, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

शिकारीकडून गणनेकडे

थंड व ओल्या परिस्थितीत वापरावयाच्या हातमोज्यांविषयीचे बरेचसे व्यावहारिक ज्ञान युरोप व उत्तर अमेरिकेतील बदकांच्या शिकारीतून आले आहे. तेथे शिकारी पहाटे पाण्यात उतरून लाकडी किंवा प्लास्टिकची नकली बदके मांडतो आणि नंतर आडोशाला बसून राहतो. पहिल्या कामासाठी कोपरापर्यंतचे जलरोधक मोजे आणि दुसऱ्यासाठी बोटांची हालचाल राखणारे पातळ मोजे, अशी विभागणी त्या अनुभवातून रूढ झाली.

खानदेशातही ब्रिटिश काळात बदकांची शिकार आणि पक्ष्यांचा अभ्यास या गोष्टी एकमेकींपासून फारशा दूर नव्हत्या. मुलकी सेवेतील अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी १८८२ मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळातील पक्षीअभ्यास मुख्यतः बंदुकीने मिळविलेल्या नमुन्यांवर आधारलेला होता. स्वातंत्र्योत्तर काळात ही परिस्थिती पालटली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये अस्तित्वात आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना घेऊन शिकार करण्याची तरतूदही उरली नाही. परिणामी, पहाटे थंड पाण्याच्या काठी बदकांची वाट पाहणारा माणूस आज शिकारी नसून गणक, विद्यार्थी किंवा संशोधक असतो. त्याच्या हाताची गरज मात्र बरीचशी तीच राहिली आहे. म्हणून परदेशी शिकाऱ्यांचा अनुभव उपयुक्त ठरतो. परंतु तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. त्याचे कारण येथील थंडीच्या स्वरूपात आहे.

खानदेशातील ओल्या थंडीचे स्वरूप

जळगाव व धुळे जिल्ह्यांत थंडीच्या लाटेच्या काळात किमान तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते. येथे पाणी गोठत नाही आणि हिमदंशाचे भय नसते. तरीही ओला हात काही मिनिटांत बधिर होतो, याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण उष्णतावहनाचे. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी सुमारे २४ पट अधिक उष्णता वाहून नेते. कापडाची ऊब ही मुख्यतः त्याच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेची ऊब असते. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की मोजा हातावर असूनही नसल्यासारखा होतो.

दुसरे कारण बाष्पीभवनाचे असून खानदेशात तेच अधिक महत्त्वाचे ठरते. मोठ्या जलाशयातील पाणी हवेइतक्या वेगाने थंड होत नाही. त्यामुळे जानेवारीच्या पहाटे पाण्यात हात घातला असता ते बहुधा कोमट भासते. खरी थंडी हात बाहेर काढल्यावर वाजते. येथील हिवाळी हवा कोरडी असते आणि उघड्या जलाशयावर वाराही असतो. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. तेवढी उष्णता काढून घेतल्यास ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी थंड होईल. ज्या तत्त्वाने माठातील पाणी उन्हाळ्यात गार होते, त्याच तत्त्वाने हिवाळ्यात ओला सुती मोजा हाताला गारठवतो.

बोटांमध्ये स्नायू कमी असतात व आकारमानाच्या मानाने त्यांचे पृष्ठफळ जास्त असते. शिवाय धड थंड पडू लागले की शरीर हातापायांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्वचेचे तापमान सुमारे १५ अंशांखाली गेल्यास बोटांचे कौशल्य स्पष्टपणे घटते आणि ते ८ अंशांच्या जवळ आल्यास स्पर्शज्ञानही मोठ्या प्रमाणात कमी होते. म्हणूनच कानटोपी व उबदार बंडी यांशिवाय केवळ चांगल्या मोज्यांनी बोटे उबदार राहत नाहीत.

यावरून येथील गरज निश्चित होते. बर्फाळ प्रदेशासाठी बनविलेले अतिजाड मोजे येथे आवश्यक नाहीत. हात मुळात ओला होऊ न देणे आणि ओला झाल्यास त्यावर वारा लागू न देणे, या दोन गोष्टी साधल्या तरी पुरेसे आहे.

विविध प्रकारांचे गुणदोष

सुती मोजे : स्वस्त व सहज उपलब्ध असले तरी ओल्या कामासाठी ते सर्वांत अयोग्य होत. सूत भरपूर पाणी शोषते, लवकर वाळत नाही आणि ओले असताना ऊब देत नाही.

लोकरीचे मोजे : लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत आर्द्रता शोषूनही फारशी ओली भासत नाही. तिचे कुरळे तंतू भिजल्यावरही काही हवा धरून ठेवतात. मेंढपाळ रिमझिम पावसात घोंगडीची खोळ करून उभा राहतो, त्यामागे लोकरीचा हाच गुण आहे. तथापि विणलेली लोकर वारा अडवीत नाही, त्यामुळे ती आतील थर म्हणून अधिक उपयोगी पडते.

चामड्याचे मोजे : पहाटे मोटारसायकलने जलाशयापर्यंत जाताना वारा अडविण्यासाठी ते उत्तम असतात. काठावरील बाभळीच्या काट्यांपासूनही ते संरक्षण देतात. परंतु पाणी मुरल्यावर चामडे जड होते, सावकाश वाळते आणि वाळल्यावर कडक बनते. म्हणून पाण्याचे काम सुरू होण्यापूर्वी ते उतरवून ठेवावेत.

रबरी व पीव्हीसीचे मोजे : कृषी सेवा केंद्रात व हार्डवेअरच्या दुकानात हे सहज मिळतात. ते पूर्णतः जलरोधक असतात, परंतु त्यांना स्वतःची ऊब नसते आणि आत घाम साचतो. किंचित सैल मापाचा रबरी मोजा व त्याच्या आत पातळ लोकरी मोजा ही जोडी खानदेशातील बहुतेक कामांना पुरेशी ठरते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कपाशीच्या पट्ट्यात कीटकनाशकांच्या फवारणीसाठी असे मोजे वापरले जातात. फवारणीत वापरलेले मोजे कितीही धुतले तरी क्षेत्रीय अभ्यासासाठी घेऊ नयेत. त्यामुळे हात आणि पाण्याचा नमुना दोन्ही दूषित होण्याचा धोका असतो.

निओप्रीनचे मोजे : निओप्रीन हे १९३० मध्ये अमेरिकेत तयार झालेले कृत्रिम रबर होय. मोज्यांसाठी त्याचा फेसाळ प्रकार वापरतात. त्यातील वायूचे सूक्ष्म बंदिस्त बुडबुडे पाणी शोषीत नसल्याने भिजल्यावरही ऊब टिकते. खरेदीच्या वेळी शिवण तपासणे महत्त्वाचे आहे. आरपार शिवलेल्या टाक्यांतून पाणी आत येते. चिकटवून नंतर अर्ध्या जाडीपर्यंतच शिवलेली शिवण पाणी रोखते. येथील हवामानास दीड ते दोन मिलिमीटर जाडी पुरेशी वाटते. त्याहून जाड मोज्यात पेन्सिल धरणे अवघड जाते.

नायट्राइलचे पातळ मोजे : प्रयोगशाळेत परिचित असलेले हे मोजे ऊब देत नाहीत, परंतु पाणी, रसायने व जंतू यांना रोखतात आणि बोटांचे कौशल्य जवळजवळ पूर्ण राखतात. पाण्याच्या नमुन्यासाठी त्यांतील पावडरविरहित प्रकारच वापरावा.

कामानुसार निवड

वरील गुणदोष लक्षात घेता एकच मोजा सर्व कामांसाठी योग्य ठरणार नाही, हे स्पष्ट होते. काठावरून गणना करणाऱ्याचा हात पाण्यात जात नाही. त्याला अंगठा व तर्जनीची टोके उघडी असलेला लोकरी मोजा सोयीचा असतो. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या यांचे मिश्र थवे मोजताना दुर्बीण स्थिर ठेवावी लागते आणि त्याच हाताने आकडेही लिहावे लागतात. नावेतून गणना करणाऱ्यांसाठी वल्ह्याचे पाणी व वारा दोन्ही अडविणारा पातळ निओप्रीनचा मोजा श्रेयस्कर होय.

पाण्याचा नमुना घेणाऱ्याचा हात मनगटाच्या वर बुडतो. येथे मोज्याच्या जाडीपेक्षा त्याची लांबी निर्णायक ठरते. मोजा कितीही जलरोधक असला तरी त्याच्या तोंडातून पाणी आत शिरल्यास उपयोग संपतो. हात जेथपर्यंत बुडणार असेल त्यापेक्षा किमान चार बोटे अधिक लांबीचा मोजा घ्यावा.

विंकलर पद्धतीने पाण्यातील विरघळलेला प्राणवायू मोजताना मँगेनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइडची द्रावणे काठावरच वापरावी लागतात. या वेळी लोकरी मोजा घातक ठरू शकतो, कारण सांडलेले द्रावण शोषून तो ते त्वचेवर धरून ठेवतो. म्हणून हे काम नायट्राइल मोजा घालूनच करावे आणि ते संपल्यावर तो टाकून द्यावा.

आरोग्यविषयक बाजू

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव आढळला. या रोगाची भारतातील ती पहिली अधिकृत नोंद होय. पुढील महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांतही तो आढळला. जंगली जलपक्षी या विषाणूचे नैसर्गिक वाहक असू शकतात. त्यामुळे जलाशयाच्या काठी मृत पक्षी आढळल्यास विद्यार्थ्यांनी, हातमोजे असले तरी, त्याला हात लावू नये. ठिकाण व संख्या नोंदवून वन विभागास व पशुसंवर्धन विभागास कळविणे हाच योग्य मार्ग आहे. हातमोजे ही संरक्षणाची शेवटची फळी असते. धोका पत्करण्याचा तो परवाना नव्हे. वापरलेल्या मोज्यांनी चेहऱ्याला स्पर्श करू नये आणि ते काढताना आतील बाजू बाहेर येईल अशा रीतीने काढून हात साबणाने धुवावेत.

बधिर झालेले हात थेट शेकोटीवर धरण्याची सवय सर्वत्र आढळते. ती धोक्याची आहे. संवेदना मंदावलेली असल्याने चटका उशिरा कळतो व त्वचा भाजू शकते. हात प्रथम कोरडे करून काखेत धरावेत किंवा कोमट पाण्यात बुडवावेत. थंडीत ज्यांची बोटे पांढरी पडून दुखतात, अशा विद्यार्थ्यांना पाण्यातील काम न देता नोंदलेखनाचे काम द्यावे.

माप, परीक्षण व निगा

अंगठा वगळून तळहाताचा सर्वांत रुंद भागी घेतलेला घेर इंचांत मोजल्यास मोज्याचे माप मिळते. घेर ७ इंच असल्यास ७ क्रमांकाचा मोजा योग्य होय. घट्ट मोजा रक्ताभिसरण रोखतो व थंडी वाढवितो. विभागासाठी एकगठ्ठा खरेदी करताना बहुधा मोठ्या मापाचे मोजे घेतले जातात आणि लहान हातांच्या विद्यार्थिनींना त्यांतच काम भागवावे लागते. मोज्यांची रिकामी टोके बाटलीच्या झाकणात अडकतात, पकड सुटते आणि अखेर त्या मोजे काढून उघड्या हातांनीच काम करतात. म्हणून खरेदीपूर्वी विद्यार्थ्यांची मापे घेणे ही औपचारिकता नसून आवश्यक बाब आहे.

निवडीची सोपी कसोटी अशी : मोजा घालून टेबलावरील एक रुपयाचे नाणे उचलता यावे, पेन्सिलीने पाच आकडे सुवाच्य लिहिता यावेत आणि बाटलीचे झाकण लावता यावे. गळती तपासण्यासाठी मोज्यात हवा भरून तोंड पिळावे व तो पाण्याखाली धरावा. बुडबुडे आल्यास मोजा बाद समजावा. वापरानंतर मोजे स्वच्छ पाण्याने धुऊन, उलटे करून सावलीत वाळवावेत. प्रखर ऊन, रॉकेल व पेट्रोल यांनी रबर खराब होते. प्रत्येक गटाकडे कोरड्या मोज्यांचा किमान एक जादा जोड हवाबंद पिशवीत असावा. भिजलेल्या महागड्या मोज्यापेक्षा कोरडा साधा मोजा केव्हाही अधिक उपयोगी असतो.

समारोप

खानदेशातील हिवाळा हातांना इजा करण्याइतका कठोर नसला तरी नोंदी बिघडविण्याइतका थंड निश्चितच असतो. येथील ओल्या थंडीचे मूळ बाष्पीभवनात असल्याने जाडीपेक्षा कोरडेपणा, किमतीपेक्षा माप आणि एका उत्तम मोज्यापेक्षा कामानुसार दोन साधे मोजे अधिक फलदायी ठरतात. सहलीच्या सूचनापत्रात अल्पोपाहार व प्रवासखर्चाचा उल्लेख असतो. त्यात हातमोज्यांचा प्रकार आणि माप यांसाठी एक ओळ वाढविणे कोणत्याही विभागास अवघड नाही. जलाशयावर पहाटे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याची बोटे अखेरच्या थव्यापर्यंत कार्यक्षम राहिली, तरच त्याच्या वहीतील आकड्यांवर विसंबून पुढील निष्कर्ष काढता येतील.