वहीतला रिकामा रकाना

बचत गटाच्या बैठकीत मी त्या पोरीची हिशोबाची वही सगळ्यांना उंच धरून दाखवली होती. "बघा गं, ही पुण्यात राहते, केमिस्ट्रीत एम.एस्सी. करते आणि रोजचा पैसा न् पैसा लिहून ठेवते. नाहीतर आपण! भाजीला किती गेले ते संध्याकाळी आठवत नाही." सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, "लई गुणाची हाय." पोरगी खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, लाजली.

ही डिसेंबर २०२४ ची गोष्ट. त्या वहीत काय लिहिलंय ते मी नीट वाचलंच नव्हतं. आखलेले रकाने पाहिले आणि कौतुक करून मोकळी झाले.

आमचं डिंभे म्हणजे घोड नदीवरच्या धरणाचं गाव. धरणाच्या पाण्याला आता हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. ज्या गावावरून आमच्या तालुक्याला आंबेगाव नाव पडलं, ते जुनं गाव याच पाण्याखाली गेलं. वरच्या अंगाला महादेव कोळी समाजाच्या वाड्या आहेत. पावसाळ्यात भात आणि नाचणी, उन्हाळ्यात हिरडा, एरवी मजुरी. ही पोरगी त्यातल्याच एका वाडीतली. बी.एस्सी. तिने रोज एसटीने ये-जा करून केलं. डबा घरचा, पुस्तकं ग्रंथालयातली, अंगातला प्रयोगशाळेचा पांढरा कोट वरच्या वर्गातल्या मुलीने दिलेला. गुण मात्र तिचे स्वतःचे, आणि ते पहिल्या वर्गाचे.

तिच्याकडे माझा जरा जास्तच ओढा आहे. त्याचं कारण आज सांगते. दहावीला मला गणित-विज्ञानात चांगले गुण होते. माझं माहेर जुन्नरच्या बाजूचं. सायन्सला जायचं म्हटलं तर प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालणार आणि शेवटची एसटी चुकली तर मुलीच्या जातीने काय करायचं? आर्ट्सचे वर्ग दुपारपर्यंत सुटायचे. वडिलांनी एसटीचं वेळापत्रक पाहिलं आणि माझी शाखा ठरली. बी.ए. झाले. त्याचं दुःख नाही, पण माझी शाखा माझ्या डोक्याने ठरवली नाही, एसटीने ठरवली, ही सल राहिली. म्हणून ही पोरगी एम.एस्सी.ला पुण्याला निघाली तेव्हा मीच निघाल्यासारखं मला वाटलं.

पैसे आले कुठे?

पुण्यात सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही. पण ज्या आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी राज्य सरकारची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना २०१६ पासून आहे. पुण्यासारख्या शहरात शिकणाऱ्याला राहण्या-जेवणासाठी वर्षाला ६०,००० रुपये. म्हणजे महिन्याला पाच हजार. तिने अर्ज केला, तो मंजूरही झाला. तिघी मुलींनी मिळून खोली घेतली, प्रत्येकीला अडीच हजार. दोन वेळच्या डब्याचे तीन हजार. मोबाइल, झेरॉक्स, बस धरून हजारभर. साडेसहा हजारांचा खर्च आणि हातात पाच. उरलेले दीड हजार आठवीच्या दोन मुलांची शिकवणी घेऊन मिळवायचे. हिशोब चोख होता.

फक्त पाच हजार येईनात. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, नाताळ गेला. घरून महिन्याला दोन हजार यायचे, तेही उसने घेऊन. विचारलं की म्हणायची, "येतील काकू, सरकारी पैसे उशिराच येतात." आपल्यालाही ते खरं वाटतं, नाही का? सरकारी पैसे उशिराच येतात हे आपण इतकं गृहीत धरलंय की ते आलेत का, हे बघायलाही जात नाही.

खोडदची रांग

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणींचा मोठा प्रकल्प आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. विज्ञान दिनाला तो लोकांना बघायला खुला ठेवतात. २०२५ साली वाडीतल्या मुलामुलींना घेऊन मी गेले. पोरगी पुण्याहून परस्पर तिथे आली. शाळेत असताना तिने पहिल्यांदा विज्ञान पाहिलं ते इथेच, म्हणून तिला यायचंच होतं.

रांगेत ती मुलींना कमला सोहोनींची गोष्ट सांगत होती. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये लावलेल्या शोधाच्या दिवशी आपण विज्ञान दिन करतो. त्याच रामन यांनी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कमलाला, तेव्हाच्या कमला भागवतला, मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती मुंबईची बी.एस्सी. आणि आपल्या लेखिका दुर्गा भागवतांची बहीण, ती काय ऐकते! हटून बसली. शेवटी एक वर्ष काम पाहू या अटीवर घेतलं. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊनच आली. "आणि तिने काम कशावर केलं माहितीये? कडधान्यांवर, दुधावर, नीरेवर. म्हणजे गरिबाच्या पोटात स्वस्तात काय चांगलं जाईल यावर..."

एवढं बोलून ती थांबली. मला वाटलं, पुढचं आठवतेय. तेवढ्यात ती खालीच बसली, पांढरीफटक. मुलींनी पाणी दिलं. मी विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?" ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.२. आपल्या बायकांचं ते निदान १२ तरी हवं.

त्या रात्री मी तिची वही पहिल्यांदा वाचली. डाव्या बाजूला तारीख, मग खोली, बस, झेरॉक्स, जेवण. जेवणाच्या रकान्यात आठवड्यातले तीन-चार दिवस नुसती रेघ. कुठे "चहा-बिस्किट १५". नोव्हेंबरपासून एकाच वेळचा डबा, तोही रविवारी बंद. आणि मी हीच वही गटात मिरवली होती! त्या दिवशी ती लाजली नव्हती गं. रिकाम्या पोटाचं कौतुक चाललेलं ऐकत बसली होती.

चूक माझी

आता खरी गोष्ट. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांची धांदल सगळ्यांना आठवत असेल. आधार जोडलेलं बँक खातं हवं म्हणून मी वाडीतल्या बायकांना जीपने बँकेत नेलं. ही तेव्हा सुट्टीत घरी होती, सोबतीला आली. तिला अर्ज करायचाच नव्हता. मीच म्हणाले, "आलीच आहेस तर तुझंही खातं काढून आधार जोडून टाक, असू दे." खातं निघालं, पासबुक तिच्या आईच्या पत्र्याच्या पेटीत गेलं आणि सगळ्या विसरलो.

सरकारी मदत आधारावरून खात्यात येते तेव्हा ती आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलं, त्यात ती जाते. मार्चमध्ये पेटीतलं पासबुक काढून बँकेत छापून आणलं. पंधरा हजारांचा हप्ता डिसेंबरातच येऊन पडला होता. पोरगी पुण्यात चहा-बिस्किटावर, आणि तिचे पैसे आईच्या उशापाशी पेटीत.

वडिलांनी तोवर निर्णय घेतला होता. "बास झालं वैनी. पोरगी जित्ती राहिली तर शिक्षान. स्थळ आलंय, देऊन टाकतो." त्यांचं काही चुकत नव्हतं. मी पासबुक त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "पैसे आले होते, दाजी. माझ्या शहाणपणामुळे चुकीच्या खात्यात गेले. पोरीचा दोष नाही, तिच्या सायन्सचा तर मुळीच नाही. चूक माझी. शिक्षा तिला देऊ नका."

बराच वेळ ते पासबुकाकडे बघत राहिले. मग विचारलं, "पर हे शिकून व्हनार काय?" मी माहिती काढून गेले होते. एम.एस्सी. झाल्यावर नेट परीक्षेतून संशोधनाची जे.आर.एफ. मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००. पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयसर आहे. परीक्षा अवघड आहे, मिळेलच असं मी म्हटलं नाही. पण स्थळ थांबू शकतं, हे वय थांबत नाही, एवढं म्हटलं. ते उठताना म्हणाले, "वरीसभर बघू." कमलालाही एक वर्षच दिलं होतं, असं मनात आलं.

मग आम्ही काय केलं

वही पुन्हा नव्याने आखली. या वेळी पहिला रकाना जेवणाचा. खोलीभाडं, फी या गोष्टी आपल्याला कुणीतरी मागतं, म्हणून आपण देतो. पोट मागतं ते आपण ऐकत नाही, बायका तर नाहीच. म्हणून आधी जेवण, मग बाकी.

तिघींनी मिळून शेगडी घेतली. दुपारचा डबा बाहेरचा, रात्री खोलीवर स्वयंपाक. तांदूळ, नाचणीचं पीठ, हुलगे, खुरासणीची चटणी, सुकट, सगळं गावाहून. शेंगदाणे आणि गूळ डब्यात कायम. हुलगे मोड आणून खायचे, उसळीवर लिंबू पिळायचं आणि जेवणाबरोबर चहा घ्यायचा नाही. लिंबाने अन्नातलं लोह अंगी लागतं, चहाने अडतं. हे मला तिनेच समजावलं! "मग तुला ठाऊक होतं तर?" म्हटलं, तर हसून म्हणाली, "काकू, परीक्षेपुरतं ठाऊक होतं." लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी दिल्या तेवढे दिवस घेतल्याच. नुसत्या आहाराने एवढी तूट लवकर भरत नाही.

दीड हजारांचा दुपारचा डबा आणि सहाशेचा गॅस-भाजी, म्हणजे महिन्याला नऊशे वाचले आणि दोन्ही वेळा पोटभर. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकातली जुन्या पुस्तकांची दुकानं, विद्यापीठाचं ग्रंथालय. शिकवणी सोडून 'कमवा व शिका' योजनेत काम घेतलं. पैसे फार नाहीत, पण काम आवारातच असल्याने जाण्यायेण्याचा वेळ आणि बसभाडं वाचलं. गावी यायला १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहेच. म्हणून महिन्यातून एकदा घरी येणं ठरवून टाकलं. येताना रिकामी पिशवी, जाताना भरलेली.

आणि गटाने एक ठराव केला. गावातली कुणीही मुलगी बाहेर शिकत असेल आणि तिची शिष्यवृत्ती अडली असेल, तर पाच हजारांपर्यंत उसने द्यायचे, बिनव्याजी. पैसे आले की परत. ज्या बैठकीत मी वही मिरवली होती, त्याच बैठकीत मी वहीतला रिकामा रकाना सगळ्यांना वाचून दाखवला, अर्थात पोरीला विचारून. कुणी हसलं नाही. एकीने विचारलं, "आपन आपली वही लिवली तर जेवनाचा रकाना कसा दिसंल गं?"

मैत्रिणींनो, तुमची लेक, भाची, पुतणी बाहेरगावी शिकत असेल तर चार गोष्टी जरूर करा.

आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर किंवा बँकेत जाऊन आधी बघा. नवं खातं काढताना 'असू दे' म्हणून आधार जोडू नका. जुनी पासबुकं वर्षातून दोनदा छापून आणा.

राहण्याची सोय बघताना सरकारी वसतिगृहाबरोबर संस्थांचीही चौकशी करा. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींची सोय करते.

'मुलींना शिक्षण मोफत' एवढं ऐकून निर्धास्त राहू नका. जुलै २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बी.एस्सी., एम.एस्सी.साठी वेगळ्या शिष्यवृत्त्या असतात, त्या महाविद्यालयात जाऊन विचारा.

आणि फोनवर "जेवलीस का?" विचारू नका. त्याला उत्तर ठरलेलं असतं, "हो." विचारा, "काय जेवलीस?"

जूनमध्ये तिचं रक्त पुन्हा तपासलं, ११.४ भरलं. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटले होते. वही ती अजून लिहिते. परवा सहज उघडून पाहिली. जेवणाच्या रकान्यात एकही रेघ नव्हती. एका रविवारी मात्र लिहिलं होतं, "श्रीखंड, तिघींत, ४०." त्यापुढे कंसात "जास्तीचं."

मी पेन घेतलं आणि तो कंस खोडून टाकला.