डाग दातावर, मूळ पाण्यात



मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक ताई आपल्या बारा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. पोरगी हसली की लगेच तोंडावर हात धरायची. दातांवर तपकिरी पट्टे होते. "कितीदा सांगते, पण नीट दात घासतच नाही," आई म्हणाली. पोरगी मान खाली घालून बसली.

पुढे त्यांच्या वस्तीवरच्या बोअरचं पाणी तपासलं. त्यात फ्लोराइड जास्त निघालं. चूक पोरीची नव्हती.

हे कसं होतं ते समजून घेऊ. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, खडकांच्या फटींतून खाली उतरतं. काही खडकांत फ्लोराइड असतं, ते पाण्यात विरघळतं. पाणी जितका जास्त काळ खडकात राहील, तितकं ते वाढण्याची शक्यता. म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरला हा धोका बहुधा जास्त. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत हा त्रास आहे.

तेच पाणी आपण पितो, त्यातच वरण-भात शिजवतो. पोटात गेलेलं फ्लोराइड कॅल्शियमला चिकटतं, आणि कॅल्शियम असतं दातांत आणि हाडांत. पक्के दात हिरडीच्या आत तयार होतात ते साधारण आठव्या वर्षापर्यंत. डाग तेव्हाच पडतो, दात बाहेर येण्याआधी. मग तो घासून कसा जाणार? असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर मान, पाठ, गुडघे आखडतात. आपण म्हणतो, वय झालं.

म्हणजे बघा, जमिनीखालचा खडक आपल्या हाडापर्यंत पोहोचतो. जमीन वेगळी आणि आपलं शरीर वेगळं, असं नाहीच.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. पाणी गाळून ते जात नाही. उकळूनही जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरी सोयच नसेल, तर १.५ पर्यंत. त्यापुढचं पाणी पिण्यासाठी नको.

मग करायचं काय? पहिलं, पाणी तपासून घ्या. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना तपासणी संचाचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. दुसरं, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी चांगल्या स्रोताचं घ्या. बोअरचं पाणी धुण्याभांड्याला वापरा. छपरावरचं पावसाचं पाणी स्वच्छ साठवलं, तर त्यात फ्लोराइड जवळजवळ नसतं. तिसरं, मुलांच्या ताटात दूध, नाचणी, तीळ, आवळा असू द्या, आणि कोरा चहा मुलांना देऊ नका. आहाराने शरीराला आधार मिळतो, पण पाणी बदलण्याला पर्याय नाही.

पुढच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशोबाबरोबर एक प्रश्न घ्या: आपल्या बोअरचं पाणी शेवटचं कधी तपासलं? आणि घरात कुणी लेकरू तोंडावर हात धरून हसत असेल, तर त्याला रागावण्याआधी पाणी तपासा.